अंतरपाटाचं एक टोक

उत्तरायण होऊन चारच दिवस झाले होते.
माझ्या तर्जनीवर मांज्याची चीर, तिच्यावर पट्टी,
आणि दांडियाबाजारातल्या कार्यालयासमोर
आसोपालवात अडकलेले तीन पतंग.
एक तर नेमका दाराच्या वर,
तोरणातलाच समजून कुणी काढला नाही.

आमचा मुहूर्त अकरा बावन्नचा.
गुरुजी साडेअकरापासून घड्याळ बघत होते
आणि धैवतची वरात अजून कोपऱ्यावर,
फाफड्याच्या दुकानापुढे गोल गोल फिरत होती.
"आवे छे, आवे छे," फोनवर कुणीतरी म्हणालं,
फोनमधून ढोलच जास्त ऐकू आला.
"मुहूर्त कुणाचा धरायचा, आपला की त्यांचा?"
गुप्तेकाका कपाळ पुसत म्हणाले.
गोरमहाराज पान चघळत शांत:
"आले की मुहूर्त."

दारात काकूंना सांगितलं, जावयाचं नाक ओढा.
बँकेत पस्तीस वर्षं लोकांची खाती तपासलेल्या काकू,
त्यांनी दोन बोटांनी ते असं धरलं
जसा ताप बघावा.
"जोरथी, वेवाण, जोरथी!"
वरात ओरडली.
मग काकूंनी ओढलं, खरंच ओढलं,
आणि धैवत शिंकला.
माझ्या हिशोबी लग्न तिथंच लागलं.

अंतरपाटाचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं त्याच्या मित्राकडे, केयूरकडे,
जो माझ्या खांद्याला लागेल न लागेल.
कापड तिरकं.
माझ्या बाजूनं शरयूला नुसतं कुंकवाचं स्वस्तिक दिसणार,
पण तिकडे जरा कललं की
नवरा अख्खा.
ती कलली.
"सावधान" आलं की दोघं गंभीर व्हायचे,
"सावधान" संपलं की पुन्हा कलायचे.

चौथं मंगलाष्टक माझं.
शार्दूलविक्रीडित, रात्री दोनपर्यंत बोटांवर मोजलेलं,
जखमेचं बोट सोडून,
म्हणूनच असेल, दुसऱ्या ओळीत एक अक्षर कमी पडलं.
आत्यानं गाताना शरयूतला "यू" इतका लांबवला
की ती कमाटीबागेतल्या छोट्या गाडीची शिटी झाली
आणि कुणाला काही कळलं नाही.
शरयूला कळलं.
कापडाखालून तिनं माझ्या पायावर पाय दिला.

सावधान, धैवत.
ती चहा अर्धा पिते आणि उरलेला घरभर शोधते.
रडू येणार असलं की भांडी घासायला घेते,
तेव्हा मदतीला जाऊ नकोस,
नळाला पाणी आहे ना एवढं बघ.
रावपुऱ्याच्या गर्दीत स्कूटर चालवताना
मागच्याशी बोलायला अख्खी मान वळवते.
अकरा वर्षं मी मागं बसून
तिच्या वाटचं समोर बघितलंय.
हे काही गणांत बसलं नाही.

अंतरपाट ओढला तेव्हा केयूरनं टोक सोडायला उशीर केला,
माझी पट्टी सुटली,
स्वस्तिकाशेजारी एक बारीक ठिपका,
कुंकवाहून जरा गडद.
तोवर अक्षता, ताशे, शिट्ट्या,
ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या मिठ्या.

पानात श्रीखंडाला टेकून उंधियू.
कायस्थांची एक अख्खी पंगत
मनात कोलंबी आणून पापडी चावत होती.
"उद्या संध्याकाळी आमच्याकडे," मामा कानात म्हणाले,
"पण व्याह्यांना बोलू नकोस हं."
व्याही मागंच उभे होते.
"किती वाजता?" त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं.

मग गरबा.
आत्या नऊवारी खोचून उतरल्या,
टाळी त्यांची आधी, वर्तुळाची नंतर,
तिसऱ्या फेरीला वर्तुळच त्यांच्या टाळीवर आलं.
मी नाचले. बोट ठणकेपर्यंत नाचले.

रात्री पार्किंगमध्ये तिची स्कूटर.
किल्ली तिनं सकाळीच माझ्या पर्समध्ये टाकलेली,
न सांगता.
मी सवयीनं मागच्या सीटवर जाऊन बसले.
वॉचमनकाका जरा वेळ बघत राहिले.
"बेन, कोनी राह जुओ छो?"
"कोईनी नहीं," म्हटलं, आणि पुढं सरकले.
आरसा तिच्या उंचीला लावलेला,
त्यात माझी नुसती हनुवटी,
आणि तिला चिकटलेला
अक्षतेचा एक दाणा.